पाहुण्याचा खिळा

हां, तर खिळेकाकांना त्या पेटीत बसवलं, तिथवर आलो होतो आपण. पेटी म्हणजे कानाच्या डॉक्टरीणबाईंची हो. माणूस जेमतेम मावेल एवढी खोली, भिंतींना आतून स्पंजचे ठोकळे, दाराच्या कडेला रबर. दार लागलं की स्वतःच्या पोटातली गुडगुड ऐकू यावी इतकी शांतता. बाईंनी काकांच्या कानांवर वाट्यांसारखं काहीतरी चढवलं, हातात एक बटण दिलं आणि काचेपलीकडून सांगितलं, "आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी दाबायचं. सोपं आहे."

सोपं कसलं डोंबलाचं. काकांना त्या दिवशी नापास व्हायचं होतं. फुटबॉल संघटनेच्या सेक्रेटरीसाहेबांनी स्वतःची गाडी देऊन त्यांना तिथं धाडलं होतं ते त्याचसाठी. "एकसष्टी उलटली काका तुमची," साहेब म्हणाले होते, "एखादा कान अधू निघाला तर त्यात लाज कसली? झाली तर सोयच होईल." सोय कुणाची ते साहेब बोलले नाहीत, पण काकाही काही दूधखुळे नव्हते. गुरुवारी अकरा वाजता चौकशी होती, आणि त्या चौकशीत काकांना ऐकू न येणं ही साऱ्या देशाची गरज होती.

पहिला आवाज आला, टूंऽऽ. काका मनाशी म्हणाले, दाबायचं नाही. अंगठ्यानं दाबलं. दुसरा आला, डासाच्या गुणगुणीएवढा. या खेपेला काकांनी दात आवळले, पायाची बोटं आवळली. अंगठा तेवढा सुटा राहिला, त्यानं दाबलं. अहो, सव्वीस वर्षं ज्या माणसानं सांगितलेलं काम सांगितल्याक्षणी केलं, त्याचा अंगठा एका दिवसात लबाडी कुठून शिकणार? वीस मिनिटांनी बाई कागद घेऊन बाहेर आल्या त्या हसतच.

"काका, या वयात असे कान मी पाहिले नाहीत. टाचणी पडली तरी ऐकाल तुम्ही."

"डावा जरा पुन्हा बघता का?" काकांनी चाचरत विचारलं.

"डावा तर उजव्याहून चांगला आहे."

दुसरा कुणी अशी बातमी ऐकून उड्या मारत घरी गेला असता. काका गाडीत बसले ते आजार निघाल्यासारखे. घरी काकूंनी कागद चष्मा लावून वाचला, उलटून मागची बाजू पाहिली आणि म्हणाल्या, "मग तीस वर्षं मी मारते त्या हाका जातात कुठं?"

आता हे खिळेकाका कोण, ते पुन्हा एकदा सांगतो, काल जे नव्हते त्यांच्यासाठी. हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नाही. मोठ्या मैदानाच्या मागच्या गल्लीत त्यांच्या मामाचं बूट दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं ते हातोडी धरायला शिकले. फुटबॉलच्या बुटाच्या तळाला खिळे असतात, पाय गवतात रुतावा म्हणून. फिरवून काढता येतात, घालता येतात. ओल्या मैदानाला लांब, कोरड्याला आखूड. एका वर्षी देशाच्या संघाचा सामानवाला ऐन सामन्याच्या दिवशी तापानं आडवा झाला, त्यात पाऊस, आणि खेळाडू बर्फावरच्या म्हशींसारखे घसरायला लागले. कुणीतरी धावत गल्लीत आलं. काकांनी मधल्या पंधरा मिनिटांच्या सुट्टीत अकरा जणांच्या बावीस बुटांचे सगळे खिळे बदलले. दोन बोटं सोलून निघाली, पण संघ जिंकला. "हा खिळेवाला सोडू नका," असं तेव्हाचे प्रशिक्षक म्हणाले. नाही सोडला. दुकान मामाच्या मुलाकडं गेलं आणि काका मैदानाच्या पोटात राहायला आले म्हणा ना.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली त्यांची खोली. खिडकी नाही. कपडे धुण्याची दोन मोठी यंत्रं, त्यातलं एक खोकणारं. आडव्या दोऱ्या, लांब टेबल, भिंतीला हुकांची रांग. घाम, साबण आणि बुटाचं तेल यांचा मिळून एक वास. खेळाडू त्या खोलीला माहेर म्हणायचे. प्रत्येकाचं पाऊल काकांना तोंडपाठ. कुणाला मोजा उलटा लागतो, कुणाला नाडी दुहेरी, कुणाला टाचेखाली कापसाची पट्टी. कप्तानाचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्ध्या नंबरानं मोठा आहे, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं: कप्तानाच्या आईला आणि काकांना. सतराव्या वर्षी तो आला होता तेव्हा बुटातून अंगठा बाहेर आलेला. पहिला धड बूट काकांनी त्याच्या पायात घातला. त्याच्या लग्नात काका नवरदेवाकडच्या माणसांत बसले होते, नवा सदरा घालून, आणि फोटोवाल्यानं "हे कोण?" विचारलं तेव्हा कप्तान म्हणाला होता, "घरचे."

तर आदला रविवार. समोर शेजारचा देश. भाषा एकच, हेल तेवढा निराळा; भांडायला दुभाष्या लागत नाही, हीच मोठी अडचण. जो जिंकेल तो चाळीस वर्षांत पहिल्यांदा जगाच्या स्पर्धेला जाणार. सत्तर मिनिटं झाली, दोघांचा एकेक गोल. त्यांच्या डाव्या कडेनं खेळणारा एक पोरगा होता, बावीस-तेवीसचा, काळा, लांब पायांचा. त्यानं आपल्या कप्तानाला तीनदा असं चकवलं की प्रेक्षकांतले आपलेच लोक हसले. आणि तेवढ्यात त्याच्या बुटाचा खिळा उडाला, नेमका आपल्या बाकासमोर.

सामानवाल्यांत एक रीत आहे. खेळाडू कुणाचाही असो, तुमच्या बाकासमोर त्याचा खिळा गेला तर तुम्ही घालायचा. पाण्याला जसं कुणाला नाही म्हणत नाहीत, तसा पाहुण्याचा खिळा अडवायचा नाही. काका पाना घेऊन पळाले, गुडघ्यावर बसले, बूट मांडीत धरला. पाहुणा एका पायावर उभा. तोल जाऊ नये म्हणून त्यानं हात काकांच्या खांद्यावर टेकवला, आजोबांच्या खांद्यावर नातवानं टेकवावा तसा सहज.

कप्तान आला. त्यानं सदऱ्याची गळपट्टी दातांपर्यंत वर ओढली, तोंड झाकून घेतलं. कॅमेऱ्यांना ओठ दिसू नयेत म्हणून हल्ली सगळेच ओढतात. आणि काकांच्या डोक्यावरून म्हणाला, "चल, डांबऱ्या. रस्त्यावर जाऊन पसर. मैदानात काय काम तुझं?"

खांद्यावरची बोटं आधी रुतली. मग एकदम सैल पडली. ती रुतली त्याचं काकांना काही वाटलं नाही. सैल पडली ते मात्र आत कुठंतरी लागलं.

"ऐकलंत ना, काका?" पाहुणा खाली वाकून म्हणाला. आवाज अगदी हळू.

आणि काकांनी काय केलं? पान्याचा शेवटचा फेरा आवळला, खिळा अंगठ्यानं दाबून पाहिला आणि म्हणाले, "झालं. घाल बूट."

पुढचं तुम्ही पेपरात वाचल्यासारखंच. पाहुणा पंचाकडं गेला, खेळ आठ मिनिटं थांबला, पंचानं दोघांना विचारलं. कप्तान म्हणाला, "वेळ काढू नकोस, एवढंच बोललो." खेळ पुन्हा सुरू झाला आणि शेवटच्या मिनिटाला गोल कुणी करावा, तर कप्तानानंच. रस्त्यांवर माणूस मावेना. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही देशांच्या संघटनांवर असलेल्या मोठ्या मंडळाचं पत्र आलं: गुरुवारी चौकशी, तीन जणांना बोलावणं. एक खेळाडू तो, एक खेळाडू हा, आणि तिसरा "बुटाचा खिळा बसवणारा इसम." सव्वीस वर्षांत काकांचा कागदोपत्री पहिला उल्लेख झाला तो असा.

शब्द शाबीत झाला तर कप्तानाला दहा सामने बंदी, म्हणजे जगाची स्पर्धा कप्तानाशिवाय. देशाला चाळीस वर्षांनी घास मिळाला होता, आणि तो ओठापाशी अडवणारा हात कुणाचा, तर खिळेकाकांचा. सोमवारी संध्याकाळी साहेबांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला होता: "प्रेक्षकांच्या गोंगाटामुळे मला काहीही ऐकू आले नाही." काका म्हणाले, चष्मा घरी राहिला. चष्मा खिशात होता. खिशातून त्याची दांडी बाहेर डोकावत होती, आणि साहेब त्या दांडीकडंच बघत होते. "बरं," साहेब म्हणाले, "सावकाश करा सही. पण करा." आणि मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडं गाडी धाडली.

बाहेर तर आणखी तऱ्हा. बुधवारी सकाळी काका दाढीला बसले. न्हाव्यानं गालाला साबण फासला आणि कानाशी पुटपुटला, "काका, तुम्ही तिथंच होतात म्हणे."

"काय?" काका दचकून म्हणाले.

"हां, हेच. उद्या काहीही विचारलं तरी असंच 'काय?' म्हणायचं," न्हावी म्हणाला, आणि बाकावर बसलेले दोघंजण समाधानानं हसले. काकांना हसता येईना, कारण गळ्यावर वस्तरा होता. त्यांच्या मनात आलं, उद्या बोललो तर परवा या खुर्चीत बसायचं का नाही?

तिथून ते खोलीत आले तर कप्तान येऊन बसलेला. त्या खोकणाऱ्या यंत्रावर, पाय लोंबकळत सोडून, सतराव्या वर्षी बसायचा अगदी तसाच. काका टॉवेलांच्या घड्या घालायला लागले. कप्तानही उतरून दुसरं टोक धरून उभा राहिला. चार घड्या झाल्या.

"रागात गेलं तोंडातून," कप्तान म्हणाला.

"पाय चालत नव्हते तर तोंड कशाला चालवायचं?"

"मान्य. पण काका, मी तेहतीसचा. पुढची स्पर्धा चार वर्षांनी. तेव्हा मी घरी टीव्हीसमोर पोट वाढवून बसलेला असेन." त्यानं टॉवेल झटकला. "साहेब सांगतात, तुम्ही सही केली नाही अजून."

"चष्मा..."

"काका, मला नका सांगू चष्म्याचं." मग त्यानं हुकांच्या रांगेकडं बोट केलं. "एक विचारू? हा शब्द मला माझ्या आईनं शिकवला नाही. शाळेतही नाही. तो तिथं होता. तिसऱ्या हुकावर. तुमच्या अक्षरात."

काकांच्या हातातली घडी सुटली.

"उद्या तुम्ही बोललात तर मला विचारतील, कुठून काढलास. मी काय सांगायचं? तुमचं नाव घेऊ?" कप्तानाचा आवाज धमकीचा नव्हता, हीच पंचाईत. घाबरलेल्या मुलाचा होता. "आपण दोघंही गप्प राहू या ना. त्यात दोघांचंही भलं आहे."

तो गेला. काका खाली बसले, ते टॉवेलांच्या ढिगातच.

हुकाची भानगड अशी. खेळाडूंचे नंबर बदलतात, म्हणून काकांनी पहिल्यापासून वहिवाट पाडलेली: प्रत्येकाला एक टोपणनाव द्यायचं आणि चिकटपट्टीवर लिहून त्याच्या हुकावर लावायचं. ढापण्या, फणस, सव्वापाच, मामंजी. काकांनी नाव ठेवलं की खेळाडू संघात आला, असं समजत. बारशाचा मानच होता तो. सोळा वर्षांपूर्वी एक तिसरा गोलकीपर होता, काळा. दोन मोसम राहिला, एकही सामना न खेळता गेला. पेपरात त्याचं नावही कधी आलं नाही. काकांनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पट्टीवर लिहिलं, डांबऱ्या. खोली हसून लोळली. तो स्वतः सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. काकांना कित्येक दिवस त्या नावाचा अभिमान वाटायचा, एखादी म्हण आपणच पाडल्यासारखा.

आता आपलेच दात आणि आपलेच ओठ. काकांना बसवेना. ते उठले, त्या गोलकीपरचा पत्ता शोधला आणि दुपारी त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. त्याची आता गाडी शिकवण्याची शाळा होती. तो अंगानं भरला होता, कानशिलं पांढरी झाली होती. काकांना बघून तो आनंदला नाही, रागावलाही नाही. घड्याळ बघितलं. "माझी तीनची शिकवणी आहे काका. बोलायचं असेल तर मागं बसा."

म्हणून मग खिळेकाका त्या छोट्या गाडीत मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसले. पुढं चाकावर एक बाई, चाळिशीच्या, चाक असं धरलेलं की सोडलं तर बुडतील. शेजारी गोलकीपर.

"क्लच दाबा. गियर. आता हळूहळू सोडा... हळू म्हणालो मी." गाडी बेडकासारखी उडी मारून थांबली. "होतं असं. परत. बोला काका."

काकांनी रविवारचं सगळं सांगितलं. तो शब्द आला तसा त्यांनी आवाज उतरवला, पण गाडी केवढी, शब्द केवढा.

"हं," गोलकीपर म्हणाला. "आरशात बघा बाई. मागची सायकल जाऊ द्या."

"तू हसायचास रे तेव्हा," काका म्हणाले. "सगळ्यांत जास्त तूच हसायचास. मला वाटलं..."

"हसायचोच. पहिल्या दिवशी हसलो नसतो तर दुसऱ्या दिवशी म्हणाले असते, नवा पोरगा तापट आहे. डावीकडं, बाई. तुमची डावी." त्यानं हात लांबवून चाक जरासं सरळ केलं. "आंघोळीला गेलो की कुणीतरी ओरडायचं, साबण जास्त लाव रे, उतरत नाही. त्याला मी नीट उत्तर द्यायचो, त्याच्या रंगावरून, नाकावरून, काहीतरी. तुम्हाला देता येईना. तुम्ही मोजे हातात देऊन, गालावर थापटून म्हणायचात. प्रेमानं. शिवी दिली असतीत तर उलट दिली असती हो. प्रेमाला काय उलट देणार?"

बाईंनी गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली आणि मागं वळून काकांकडं बघितलं. मागून हॉर्न वाजायला लागले.

"पुढं बघा बाई, ते कुठं जात नाहीत," गोलकीपर म्हणाला.

गाडी निघाली. काकांनी सगळं धैर्य गोळा करून विचारलं, "माफ करशील का रे?"

"चौक आलाय काका. आत्ता नाही." चौक गेला, पुढचा रस्ताही गेला. मग तो म्हणाला, "एक मात्र सांगून ठेवतो. माझं नाव तिथं निघता कामा नये. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मला इथं सगळे सर म्हणतात. मुलगी नववीत आहे. उद्या पेपरात छापून आलं की परवापासून मी पुन्हा तिसऱ्या हुकावर. खरं बोला, खोटं बोला, तुमचं तुम्ही बघा. मला त्यात ओढू नका."

बघा आता. खोटं बोलावं तर खांद्यावरची ती सैल पडलेली बोटं जगू देईनात. खरं बोलावं तर कप्तान बुडतो, देश बुडतो, नोकरी तर जातेच. आणि पुरतं खरं बोलावं तर ज्याचा अपराध केला तोच पुन्हा उघड्यावर. इकडं आड, तिकडं विहीर, आणि काकांच्या बाबतीत मागंही खड्डा.

गुरुवारी सकाळी काकूंनी सदऱ्याला इस्त्री केली. काका चहाचा कप हातात घेऊन बसले होते, चहावर साय धरली तरी प्यायले नव्हते.

"काय बोलणार आहात?" काकूंनी विचारलं.

"ठरत नाही. खोटं मला जमत नाही गं."

"जमतं की. मागं माझ्या भावाच्या घरी न जायला तुम्ही ताप आणला होतात. तुम्हाला खोटं बोलता येतं, पण बोललेलं लक्षात राहत नाही, एवढंच. तासाभरानं अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होतात." त्यांनी सदरा अंगावर चढवायला धरला. "नोकरीचं म्हणाल तर मी संघाच्या सदऱ्यांवर नंबर शिवून दिलेत सव्वीस वर्षं. शिलाई मला येते. आपण उपाशी मरणार नाही. बाह्या घाला."

हॉटेलातली सभेची खोली. गालिचा इतका जाड की काकांना पाय टाकताना चोरी करत असल्यासारखं वाटत होतं. लांब टेबलापलीकडं मोठ्या मंडळाचे तिघं, मधोमध पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. बाजूला आपले सेक्रेटरीसाहेब, हातात तो टाइप केलेला कागद, सहीची जागा अजून कोरी. बाहेर व्हरांड्यात एका बाकावर कप्तान, आणि समोरच्या बाकावर पाहुणा. काका दोघांच्या मधून आत गेले. कप्तानानं नेहमीसारखं अंगठा वर करून दाखवायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यातच राहिला. पाहुण्यानं मान लववली. बस.

काकांपुढं पाण्याचा पेला होता. त्यांनी तो बाजूला सरकवला. हात दोन्ही मांड्यांखाली दाबून बसले.

"तुम्ही त्या वेळी किती जवळ होता?" बाईंनी विचारलं.

"त्याचा बूट माझ्या मांडीत होता."

"म्हणजे दोघांच्या मध्ये."

"हो."

"तुम्हाला काही ऐकू आलं का?"

साहेब खोकले. ते खोकणं काकांना नीट कळलं. त्यात बढती होती, जगाच्या स्पर्धेला विमानानं जाणं होतं, आणि सगळं असंच्या असं राहणं होतं. पंखा फिरत होता. काकांनी अध्यक्षबाईंकडं पाहिलं नाही, टेबलाच्या कडेकडं पाहिलं. त्यांना वाटलं आपण अजून गप्पच आहोत, आणि तेवढ्यात स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू आला.

"आलं. कप्तान त्याला डांबऱ्या म्हणाला. रस्त्यावर जाऊन पसर, म्हणाला. मैदानात काय काम तुझं, म्हणाला."

साहेब उभेच राहिले. "बाई, मैदानात चाळीस हजार माणूस ओरडत होतं. यांचं वय बघा. असला एखादा शब्द त्या गलक्यात..."

"बसा आपण," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि काकांकडं वाकून विचारलं, "पण प्रश्न रास्त आहे. चाळीस हजार लोकांच्या गोंगाटात नेमका हाच शब्द होता, असं तुम्ही एवढ्या खात्रीनं कसं सांगता? नीट विचार करून बोला. एका माणसाचं नाव यात खराब होणार आहे."

काकांनी मांड्यांखालचे हात काढले आणि टेबलावर ठेवले.

"बाई, खात्री आहे, कारण आमच्या संघात तो शब्द मीच आणला. सोळा वर्षांमागं एका पोराच्या हुकावर मी माझ्या हातानं लिहिला आणि दोन मोसम तिथं ठेवला. रोज त्याच नावानं हाक मारून मी त्याला त्याचे मोजे दिले. आमचा कप्तान तेव्हा सतरा वर्षांचा होता, समोर बसून ते वाचायचा, आणि मी हसायचो म्हणून तोही हसायचा. तो पोरगा कोण ते विचारू नका, मी सांगणार नाही; त्यानं मला परवानगी दिलेली नाही आणि माफीही दिलेली नाही. रविवारी कप्तानानं तो शब्द म्हटला, मी धडधडीत ऐकला, आणि बाहेर बसलाय त्या पाहुण्यानं विचारलं तेव्हा त्याला म्हणालो, घाल बूट. आता कप्तानाच्या नावापुढं जे लिहायचं ते लिहा, मी खोटं म्हणणार नाही. पण तुम्ही म्हणता एका माणसाचं नाव, ते तेवढं दुरुस्त करून घ्या. दोघांची लिहा."